कुसुमच्या हातचे मोदक

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. तो गेला, ठाऊक नसतानाच गेला, आणि त्याचं मला बरंच वाटलं — त्याच्या पोटात कुठलीच गोष्ट टिकत नसे. मुलांना सांगायचा प्रश्न नाही. आईनं तरुणपणी काय केलं हे ऐकण्यात मुलांना काडीचा रस नसतो. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, आणि तुम्ही मला चांगलं म्हणावं अशी माझी अपेक्षाही नाही. चांगलं म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांची मला कीव येते.

पनवेलच्या आमच्या आळीत मी आणि कुसुम म्हणजे मैत्रीचा आदर्श समजला जायचा. लोक आपापल्या पोरींना सांगत, मालू आणि कुसुमसारखं राहावं. अजूनही कुणी जुनं माणूस भेटलं की डोळ्यांत पाणी आणून म्हणतं, "तिच्यासाठी तू सायन्स सोडलंस ना गं!" मी मान खाली घालते. तेव्हा मी फार विनयी दिसते म्हणतात. माणसांना दिसतं तरी काय, सांगा?

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. माझे वडील पनवेलच्या कोर्टात वकील, स्वतःला सुधारक म्हणवून घेणारे. त्यांची सुधारणा मुख्यतः खुर्चीत बसून चहा पिताना चाले. कुसुमचे वडील अप्पा भिक्षुक. सत्यनारायण, वास्तुशांत, श्राद्धपक्ष, जे असेल ते सांगायला पंचक्रोशीत पायी हिंडायचे — बेलपाड्यापासून कर्नाळ्याच्या पायथ्यापर्यंत. घर चालायचं ते यजमानांच्या विश्वासावर. भटजींच्या घरचं सोवळं कडक, हीच त्यांची काय ती मिळकत.

आम्ही दोघी मॅट्रिक चांगल्या मार्कांनी पास झालो. पनवेलला तेव्हा कॉलेज कुठलं? मुंबईला जायचं ठरलं. गिरगावात माझ्या मामाचं बिऱ्हाड होतं, तिथं मी राहणार आणि माझ्या आधारानं कुसुम. "दोघी असल्या म्हणजे काळजी नाही," असं अप्पा म्हणाले होते. कुसुमला डॉक्टर व्हायचं होतं. तिच्या आईचे हात सांधेदुखीनं वाकडे झाले होते, पेला धरवत नसे. त्या हातांकडे बघून लहानपणीच तिनं ठरवलं होतं. मला काय व्हायचं होतं? काही नाही. वडिलांना कोर्टात सांगायला एक डॉक्टर मुलगी हवी होती, म्हणून मी.

त्या काळी इंटर सायन्सला दोन वाटा असत. गणितवाल्यांचा ए ग्रुप, तो इंजिनिअर व्हायला. आणि बी ग्रुप डॉक्टर व्हायला — त्यात वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र. अप्पांना कुसुमनं एवढंच सांगितलं होतं की बी ग्रुपला झाडापानांचा अभ्यास असतो. खोटं नव्हतं. निम्मं होतं. अप्पा काय खूश झाले! वनस्पती म्हणजे आयुर्वेद, आयुर्वेद म्हणजे ऋषिमुनी — त्यांच्या डोक्यात सगळं नीट बसलं. मग कर्नाळ्याकडे कुठं पूजा सांगायला गेले की परत येताना पंच्याच्या टोकाला पानं बांधून आणायचे. कुडा, बेहडा, कसली कसली रानटी पानं. "शास्त्राला लागतात तिच्या," असं वाटेत भेटेल त्याला सांगायचे. आम्ही सुट्टीत घरी आलो की ती वाळलेली पानं तिच्यापुढं ठेवायचे. मला हसू यायचं. मी हसायचेही, त्यांच्या पाठीमागं. कुसुम हसायची नाही. एकेक पान उचलून ती त्यांना नाव विचारायची.

एक सांगून टाकते. त्या कॉलेजातल्या शिक्षणाबद्दल मला तेव्हाही आदर नव्हता. फिजिक्सच्या प्रयोगाचं उत्तर आधीच ठाऊक असे, त्याला जुळतील असे आकडे मागून बसवायचे, आणि याला निरीक्षण म्हणायचं. केमिस्ट्रीत पांढरी पूड हातात देऊन ती ओळखा म्हणत. अर्धा वर्ग प्रयोगशाळेतल्या हमालाला विचारून ओळखत असे. वर प्राध्यापक सांगणार की विज्ञान सत्याचा शोध घेतं! मी आकडे बसवण्यात पटाईत होते. माझ्या आकृत्या वर्गात दाखवल्या जायच्या. सगळं ढोंग मला जमत होतं.

बेडूक जमला नाही. बेडकापाशी ढोंग चालत नाही.

मेणाच्या ट्रेमध्ये तो उताणा, चार पायांना टाचण्या. त्याच्या पांढऱ्या पोटाकडे बघितलं की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं — ओकारीच्या आधी सुटतं ते. कुसुमचं तसं नव्हतं. ती आधी डोळे मिटायची, काहीतरी पुटपुटायची — त्याची क्षमा मागत असावी, मी कधी विचारलं नाही — आणि मग कातडी चिमट्यानं उचलून कात्री चालवायची. पोटावरून मधोमध एक शीर जाते. ती फुटली की सगळा ट्रे लाल होतो. वर्गातल्या मुलांचे ट्रे रोज लाल व्हायचे. कुसुमचा कधी झाला नाही. स्वतःचा बेडूक झाला की प्राध्यापकांची पाठ फिरेपर्यंत ती थांबायची, गुपचूप माझा ट्रे आपल्याकडे ओढायची आणि माझाही करून द्यायची. करताना मला शिकवायचीही. "चिमट्यानं वर उचल. घाई करू नकोस, फाटेल." मी खिडकीबाहेर बघत हूं हूं म्हणायचे.

पावसाळ्यात चाचणी झाली आणि प्राध्यापकांनी आम्हाला वेगवेगळ्या टेबलांवर बसवलं. त्यांना कळलं होतं की काय, कोण जाणे. मी कात्री हातात घेतली, आणि ट्रेमध्येच ओकले. सगळ्या वर्गासमोर, त्या बेडकाच्या अंगावर. पोरं हसली. प्राध्यापकसुद्धा हसले, आणि कुसुमला म्हणाले, हिला बाहेर घेऊन जा.

नळाखाली माझं डोकं धरून ती पाठीवरून हात फिरवत होती. आणि म्हणाली — शब्द मला जसेच्या तसे आठवतात — "होतं गं असं. एवढं काय त्यात? तू आपली आर्ट्सला जा, मी डॉक्टर होईन, तुझ्या पोराबाळांना फुकट औषध देईन."

थट्टा होती. प्रेमानं केलेली थट्टा. भिक्षुकाची मुलगी, माझ्या मामाच्या घरात कोपऱ्यात चटई टाकून झोपणारी, माझ्या आधारानं शिकणारी — ती मला औषध देणार होती! तुम्हाला वाटत असेल, एवढ्याशा बोलण्यावरून? हो. एवढ्याशावरूनच. मोठ्या कारणासाठी माणूस दुष्ट होतो, हे फक्त पुस्तकात लिहिलेलं असतं. माझं डोकं तिच्या हातात होतं आणि माझ्या मनात तिच्याबद्दल द्वेष होता. दुसरा शब्द नाही त्याला.

गणपतीच्या सुट्टीत आम्ही पनवेलला आलो. सुट्टीनंतर पुन्हा चाचणी होती, म्हणून कुसुमनं सराव करायचं ठरवलं, आणि तोही आमच्या परसात. आमच्याकडे चालण्यासारखं होतं. वडील सुधारक, आई माहेरी गेलेली. क्लोरोफॉर्मची बाटली तिनं पिशवीत कपड्यांखाली लपवून आणली होती. बेडूक आणून द्यायला चांगुणा म्हणून एक कातकरीण मी गाठून दिली. ती आमच्याकडे सरपण टाकायची. शेतांतून तिनं पिवळेजर्द बेडूक मडक्यात घालून आणले.

"ह्ये कशाला गो बाय? आवशिदाला काय?" तिनं विचारलं.

"शिकायला," कुसुम म्हणाली.

चांगुणा मडक्याकडे बघत राहिली. "बेडकापासनं काय शिकाचा हाय? त्याला सोताला कायबी येत नाय."

कुसुम खूप हसली. काम झाल्यावर तिनं ते बेडूक केळीखाली पुरले, आमच्या विहिरीवर डोक्यावरून आंघोळ केली, नखं काढली, धुतलेलं लुगडं नेसली आणि केसांतून पाणी ठिबकत असताना घरी गेली. चतुर्थी अजून दोन दिवसांवर होती. सोवळ्याच्या बाबतीत ती अप्पांपेक्षा कडक होती, हे त्या घरात कुणाला कळलं नाही. मला माहीत होतं.

त्यांच्या घरच्या नैवेद्याचे मोदक कुसुम करायची. आईचे हात गेल्यापासून, परकरात होती तेव्हापासून तीच. आळीत नाव होतं त्या मोदकांचं. पारी पातळ, कळ्या एकसारख्या बारीक, आणि वाफवल्यावर एकही फुटलेला नाही. बायका त्या दिवशी दुपारी अप्पांच्या गणपतीच्या दर्शनाला येत, ते निम्मं त्या मोदकांसाठी. त्यांना वाटायचं देवाला ते कळत नाही.

आता येते मी मूळ गोष्टीवर. येते म्हणते आणि पुन्हा बाजूनं जाते, तुमच्याही लक्षात आलं असेल.

चतुर्थीच्या दुपारी मी त्यांच्याकडे गेले. घरून निघताना माझ्या डोक्यात वाक्य तयार होतं. आदल्या दिवसापासून ते मी मनात घोळवत होते. शब्द बदलून बघत होते. कौतुकच वाटलं पाहिजे, चहाडी वाटता कामा नये. आरती झाली. अप्पांनी नैवेद्य दाखवला, पाणी फिरवलं. मी बोलले नाही. त्या आधी बोलले असते तर मोदक बाजूला ठेवून गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला असता, आणि प्रकरण घरातच मिटलं असतं. देवापुढं ताट जाऊन येईपर्यंत मी थांबले. मग गोदूकाकू यायची वाट बघितली. गोदूकाकू आळीच्या कोपऱ्यावर राहायच्या, त्यांच्या कानात पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत बंदरावर पोचायची. त्या आल्या, टेकल्या, त्यांच्या हातावर प्रसादाचा मोदक पडला. तो वर धरून त्या म्हणाल्या, "काय गं बाई कळ्या या!"

आणि मी म्हणाले, हसत, कुसुमच्या खांद्यावर हात ठेवून —

"हिचा हातच तसा आहे, काकू! कॉलेजात बेडकाचं पोट फाडते ना, तेव्हासुद्धा अश्शीच. कातडी तेवढी सुटते, आतल्या शिरेला धक्का नाही."

गोदूकाकूंनी मोदक हळूच खाली ठेवला आणि बोटं पदराला पुसली.

अप्पा देवापुढून वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आशा होती. "मालू," ते म्हणाले, "थट्टा करतेयस ना गं?"

दार उघडंच ठेवलं होतं त्यांनी मला. हो म्हणायचं होतं फक्त. सगळ्या हसल्या असत्या, मला दोन टपल्या बसल्या असत्या, आणि कुसुम डॉक्टर झाली असती. कुसुम माझ्याकडे बघत होती. घाबरलेली नव्हती हो ती! मी सावरून घेईन याची तिला खात्री होती.

मी म्हणाले, "थट्टा कशाला, अप्पा? आमच्या वर्गात हिच्याइतकं कुणालाच जमत नाही. माझासुद्धा बेडूक हीच फाडून देते."

हेच ते. आळीतले सगळे, कुसुमसुद्धा, आजवर मानतात की पोरीची जीभ घसरली. भोळी बिचारी, मैत्रिणीच्या कौतुकात बोलून गेली. माझी जीभ घसरली नव्हती. माझी जीभ आयुष्यात कधी घसरलेली नाही.

पुढचं थोडक्यात. मोदक गाईलासुद्धा घातले नाहीत. परसात खड्डा खणून पुरले. प्रायश्चित्त झालं, कुसुमला पंचगव्य पाजलं. अप्पांनी तिच्यावर हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. त्यांनी एकच विचारलं, तेही सगळं आटोपल्यावर, अंगणात उभं राहून. "मग ती पानं कशाला लागायची गं?"

"ती पण लागायची, अप्पा," ती म्हणाली. "दोन्ही असतं. ती सगळी मी जपून ठेवलीयत."

अप्पा तिथंच खाली बसले आणि पंचा तोंडाला लावून रडले. मी तिथं होते. तिला धीर द्यायला आले होते ना मी! आणि धीर कुणी कुणाला दिला? अप्पांना रडताना बघून मलाही रडू आलं. ते खरं होतं की खोटं, मला आज सांगता येणार नाही. तर कुसुमनं मला जवळ घेतलं. "तू कशाला रडतेस? तुझं तोंडच तसं फटकळ, पोटात काही नसतं तुझ्या." असं म्हणाली ती. माझ्या पोटात काही नसतं!

तिचं नाव कॉलेजातून काढलं. यजमानांची तोंडं बंद करायची तर अप्पांना दुसरा उपाय नव्हता, हे मान्य करते. त्यांना मी दोष देत नाही. खरं तर द्यायला फार आवडलं असतं.

आणि मी काय केलं? मी वडिलांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "कुसुम नाही तर मीही सायन्सला नाही." बेडकाला घाबरून सोडते म्हटलं असतं तर त्यांनी घरातून बाहेर काढलं असतं. पण मैत्री! त्याग! वकीलसाहेब चहाचा पेला ठेवून खुर्चीतून उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोर्टात सगळ्यांना सांगितलं. डॉक्टर मुलीपेक्षा त्यागी मुलगी सांगायला बरी पडत असावी. संध्याकाळपर्यंत आळी मला देवी मानायला लागली. गोदूकाकूंनी तर माझी दृष्ट काढली.

जूनमध्ये आम्ही दोघींनी इंटर आर्ट्सला नाव घातलं — समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र असले विषय. माझ्या वडिलांनीच अप्पांची समजूत घातली होती. अप्पांनी फक्त विचारलं, "समाजशास्त्रात काय कापतात?" वडील म्हणाले, "काही नाही, भटजीबुवा. माणसांबद्दल नुसतं बोलतात." त्या विषयांचं इतकं नेमकं वर्णन मी नंतर कुठल्या प्राध्यापकाच्या तोंडून ऐकलं नाही.

समाजशास्त्राचे प्राध्यापक कुठल्याशा दूरच्या बेटांवरच्या लोकांचे विटाळाचे नियम फळ्यावर लिहायचे. कोण कुणाचं शिवलेलं खात नाही, कुठल्या कामानं हात बाटतो. पोरं अचंब्यानं उतरवून घेत, जसं काही त्यांच्या घरात स्वयंपाकघराला उंबराच नाही. कुसुम माझ्या शेजारी बसून मान खाली घालून लिहीत असायची. तिचं अक्षर सुंदर होतं. त्या हातांना आता एवढंच काम उरलं होतं.

अर्थशास्त्रात सांगितलं की माणूस आपला फायदा पाहून वागतो. मला वाटलं, काय बाष्कळ शास्त्र आहे! मला कुठं काय मिळालं होतं? मी तर निव्वळ दुष्टपणा केला होता. दुष्टपणालासुद्धा एक दर्जा असतो, असं माझं मत होतं. पण त्या तासाला बसल्या बसल्या मी हिशेब केला. बेडूक सुटला. वडिलांचा राग चुकला. गावात नाव झालं. मैत्रीण शेजारी राहिली, माझ्या पुढं गेली नाही. पुस्तक बरोबर होतं. इतक्या सामान्य पुस्तकात मी पूर्ण मावत होते, याची मला त्या दिवशी लाज वाटली. कुसुमचं वाटोळं केल्याची वाटली होती त्यापेक्षा जास्त. यावरून ओळखा मी काय आहे ते.

आणि मानसशास्त्राचा तो तास! बोलताना जीभ घसरते, नको ते तोंडातून निघून जातं, ते काही उगाच नसतं, मनात खोल कुठंतरी तशी इच्छा दडलेली असते, असं प्राध्यापक सांगत होते. मी गारठले. कुसुम माझ्याकडे वळली. मला वाटलं, झालं — कळलं हिला. तिनं बाकाखाली माझा हात घट्ट दाबला आणि कानात म्हणाली, "यांचं काही मनावर घेऊ नकोस हं. काहीही सांगतात."

तेव्हा सांगता आलं असतं. हात हातात होता. मी तिचा हात उलट दाबला, कृतज्ञतेनं, आणि वहीत पुढचं वाक्य उतरवून घेतलं. त्या विषयात मला पहिला वर्ग मिळाला.

पुढं आम्ही दोघी बी.ए. झालो. कुसुम लग्न होऊन नाशिककडे गेली आणि मुलींच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायला लागली. म्हणजे चांगला नागरिक कसा असतो, हे ती वर्षानुवर्षं शिकवत होती. तिच्या मुलींना आमची गोष्ट पाठ आहे. आपल्या आईसाठी मालूमावशीनं काय सोडलं ती. अजून गणपतीत तिचा फोन येतो. मी तिचं बोलणं ऐकते, हसते, फोन ठेवते. तेवढं मला सहज जमतं.

पण मला शेवटी सांगायचं आहे ते हे नव्हे. आम्ही आर्ट्सला गेलो त्याच वर्षीचा गणपती.

कुसुमचं प्रायश्चित्त झालं होतं, घरात तिचा सगळीकडे वावर होता, तरी नैवेद्याला तिनं हात लावायचा नाही असं अप्पांनी ठरवलं होतं. यजमानांसाठी असेल, नाहीतर स्वतःसाठी. आईचे हात तर कामातून गेलेले. मग मोदक कुणी करायचे? अप्पा स्वतः आमच्या घरी आले. दारातच उभे राहिले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "मालूला पाठवा. तिनं तर कधी बेडकाला हात लावला नाही. पोर निर्मळ आहे."

मी गेले. नाही म्हणता आलं असतं, गेले. सोवळं नेसून त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसले. पुढं उकडीचा गोळा, सारणाचं ताट. आणि कुसुम उंबऱ्याच्या पलीकडे, ओटीवर, हात मांडीत घेऊन बसली होती.

मला मोदक कुठले येणार? पहिला फाटला. दुसऱ्याची पारी हातातच चिरली आणि सारण सांडलं. तिसऱ्याला कळ्या पडेनात, नुसत्या सुरकुत्या. माझे कान तापले. कुसुमची आई भिंतीला टेकून बघत होती. मला वाटलं, आता उठावं आणि निघून जावं.

उंबऱ्यापलीकडून कुसुम म्हणाली, "बोटं पाण्यात बुडव आधी. हां. अंगठा आत धर. आता दोन बोटांनी चिमटीत उचल. घाई करू नकोस, फाटेल."

तेच शब्द. तोच आवाज. तिच्या लक्षात आलं असेल का? नसेल. तिनं आपले हात मांडीतून काढून हवेत धरले होते, नसलेली पारी डाव्या हातावर घेऊन उजव्या हातानं कळ्या पाडून दाखवत होती, एकेक, सावकाश, मला नीट दिसावं म्हणून. मी तिच्या हातांकडे बघत माझे हात चालवले. यावेळी खिडकीबाहेर बघितलं नाही. एक मोदक उभा राहिला. मग दुसरा.

"बघ!" ती म्हणाली. तिचे डोळे आनंदानं चमकत होते. "जमलं की नाही! तुझ्या हातात आहे गं, तू उगाच घाबरतेस."

मी पात्र भरलं. एकही मोदक फुटला नाही. दुपारी नैवेद्य झाला, बायका जमल्या, गोदूकाकू आल्या आणि त्यांनी कळ्यांचं कौतुक केलं. अप्पांनी प्रसादाचा पहिला मोदक माझ्या हातावर ठेवला.

मी खाल्ला. चांगला झाला होता.